कंदील जमिनीवर होता

१

सकाळी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच होता, तेवढ्यात पल्याड दारात येऊन ओरडला, "डॉक्टर, चला लवकर! पोरानं बापाचा जीव घेतला!"

पल्याड हे काही त्याचं नाव नव्हे. थोरल्यांच्या मळ्याला लागून पलीकडे त्याचा मळा, म्हणून सगळं गाव त्याला पल्याड म्हणतं. राईचा पर्वत करण्यात माणूस पटाईत, म्हणून मी आधी शांतपणे तोंड धुतलं. ते धुतलं नसतं तरी काही फरक पडला नसता. थोरले केव्हाच गेले होते.

थोरले माझे जुने स्नेही. आमच्या नदीच्या खोऱ्यात वाइन करणारी घरं बरीच, पण कोणाचा रस बिघडला की लोक त्यांच्याच दाराशी यायचे. त्यांचं तळघर उतारात खोदलेलं आहे. वरून स्वयंपाकघरातून जिना उतरतो, त्याच्या पायथ्याशी तळघरात शिरायचं लहान दार, आणि पलीकडे खाली नदीच्या अंगाला एक मोठं दार आहे, पिंपं बाहेर लोटायला. मी त्या खालच्या दारानं आत गेलो. थोरले दाराजवळ जमिनीवर आडवे होते, डोक्याखाली घडी केलेलं पोतं. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. वहिनी नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि थोरल्यांच्या उशाशी, जमिनीवर, कंदील जळत होता.

जखम नाही, वळ नाही. श्वास कोंडून गेले होते, एवढं मला दिसत होतं.

"वायू," मी म्हणालो. "रस उकळतोय. वायूनं गेले."

"डॉक्टर, डोळे उघडे ठेवून बोला," पल्याड म्हणाला. "कंदील बघा की!"

त्याचं बरोबर होतं. टाक्यांतला रस फसफसायला लागला, आम्ही त्याला उकळणं म्हणतो, की त्यातून वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड. पाण्यासारखा जमिनीवर साचतो. म्हणून या दिवसांत तळघरात शिरताना पेटता कंदील जिन्याच्या दाराच्या आतल्या दगडावर, अगदी जमिनीला ठेवायचा. विझला तर पाऊल टाकायचं नाही. छताला विजेचा दिवा आहे, पण त्या दिव्याला श्वास लागत नाही, त्याचा काय उपयोग!

कंदील जमिनीवर होता आणि जळत होता. म्हणजे वायू नव्हता.

"मी आलो तेव्हा हा बापावर वाकला होता," पल्याड मुलाकडे बोट करून म्हणाला. "हातात ते पोतं होतं."

२

दुपारी नदीखालच्या शहरातून तपासनीस बाई आली. गावानं तासाभरात तिचं 'तपासबाई' करून टाकलं. पन्नाशीची, जाडजूड, एका गुडघ्यानं अधू. जिना दिसला की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"खालच्या दारानं जाऊ या की," मी म्हटलं.

"तुमचे थोरले कुठून गेले?"

"जिन्यानं."

"मग मीही जिन्यानंच जाणार," ती म्हणाली आणि गुडघ्याला शिव्या घालत एकेक पायरी उतरली. खाली पोचल्यावर तिनं दम खाल्ला, खांद्यावरची जड पिशवी दाराशेजारच्या भिंतीला अडकवली आणि आत शिरली.

नंतर तिनं हात पाठीमागे बांधले. नुसती बघत राहिली. एका टाकीच्या तोटीपाशी बुटकं स्टूल उलटं पडलं होतं, शेजारी चव घ्यायचा पेला. पाठ वाकत नाही म्हणून थोरले या वर्षी स्टुलावर बसून रस काढायचे. भिंतीच्या कडेला एक उंदीर मरून पडला होता.

"विष घातलं असेल," मी म्हणालो.

"वाइनच्या तळघरात विष ठेवतात, डॉक्टर?"

मी मान हलवली. कोणी ठेवत नाही.

दाराच्या आतल्या दगडावर तिनं बोट फिरवलं. थोरल्यांचा कंदील बुडाशी गळका. शंभरदा सांगूनही त्यांनी ते भोक बुजवून घेतलं नव्हतं. दगडावर तेलाची गोल खूण उमटली होती, एकावर एक बसून काळी झालेली. तिच्यावर धुळीचा न मोडलेला पातळ थर होता. तपासबाईनं बोटाची धूळ बघितली, मग जिन्याच्या दारापासून प्रेतापर्यंतच्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिली.

"मुलाला ग्रामकचेरीत बसवलंय ना?" तिनं विचारलं. "उद्या दुपारच्या गाडीनं मला त्याला शहरात न्यावं लागेल. तोवर दुसरं काही सापडलं तर ठीक."

"आणि नाही सापडलं तर?"

"मग त्याच्या आईकडे बघायची वेळ तुमच्यावर येईल, माझ्यावर नाही."

३

पल्याडला बोलतं करायला काही लागत नाही, गप्प करायला लागतं.

"आदल्या संध्याकाळी बापलेकांचं असं वाजलं, असं वाजलं, की सगळ्या आळीनं ऐकलं," तो सांगू लागला. "पोरगा म्हणतो, मळा नको, शहरात नोकरी धरतो. थोरले म्हणाले, 'मग माझ्या तळघरात पाऊल टाकू नकोस.' तसंही सगळा हंगाम त्याला तळघरात घेतलंच नव्हतं त्यांनी. सकाळी मी बांधावर होतो. हा नदीकडून आला, खालचं दार उघडून आत गेला आणि थोड्या वेळानं ओरडला. मी धावलो. पुढचं सांगितलंय तुम्हाला."

"दार त्यानं उघडलं? आधी बंद होतं?" तपासबाईनं विचारलं.

"गच्च बंद. रात्री थंडी होती."

"तुमचं आणि थोरल्यांचं कसं होतं?"

पल्याडनं टोपी काढून हातात घेतली. "बांधावरून तंटा होता. पण बाई, तंटा असला तरी शेजार होता. आता भांडू कोणाशी?" असं म्हणून त्यानं बाहीनं डोळे पुसले. मला त्याचा रागही आला आणि दयाही.

मुलगा कचेरीच्या मागच्या खोलीत बाकावर बसला होता. मी त्याला जन्मापासून ओळखतो, त्याची पहिली शाळा, पहिली मारामारी, सगळं. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"नदीवर कशाला गेला होतास?" तपासबाईनं विचारलं.

"रात्रभर झोप नव्हती. उजाडल्यावर चालत गेलो."

"आणि खालच्या दारानं का आलास?"

तो बाकाची कड नखानं खरवडत राहिला. "बाबांना सांगायचं होतं," तो म्हणाला. "की मी जात नाही. आईसमोर सांगितलं असतं तर ती रडली असती आणि बाबा चिडले असते. म्हटलं, तळघरात गाठू. तिथे ते शांत असतात."

"मग?"

"दार उघडलं. बाबा तोटीपाशी पडले होते. ओढत दाराकडे आणलं. ओरडलो. डोक्याखाली काहीतरी द्यावं म्हणून पोतं घेतलं. माझं डोकं गरगरत होतं, पाय लटपटत होते. भीतीनं असेल."

"कंदील कुठे होता?"

"जमिनीवर. तो जमिनीवरच असतो."

"असतो ते विचारत नाही. आत शिरलास तेव्हा तू बघितलास?"

त्यानं कपाळ चोळलं. "आठवत नाही. बाबांना ओढलं, आई आली, मग कंदील तिथे होता."

बाहेर आल्यावर तपासबाई म्हणाली, "खोटं बोलणाऱ्याला सगळं आठवतं, डॉक्टर."

४

तिथून आम्ही वहिनींना भेटायला गेलो. स्वयंपाकघरात चूल विझलेली होती. शेजारणी आल्या होत्या, त्यांना वहिनींनीच घरी पाठवलं होतं.

"भावजी, या बाईंनी पोराला धरलंय," माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या. "नवरा गेला, आता पोरगाही न्या. मग मला काय, भिंतींशी बोलायचं?"

"काकू, सकाळचं सांगाल का?" तपासबाईनं हळू विचारलं.

"काय सांगू? यांची पाठ रात्रभर धरलेली होती. वाकता येईना, उठता येईना. मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाले, रस कोणासाठी थांबत नाही. मग मीच पुढे झाले. कॉफीचा पेला दिला, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले सोबत. पुढे नाही जात मी. रस उकळत असला की बायकांनी तळघरात जायचं नसतं, बिघडतो म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून पाळतेय. पायरीवरच कॉफी पिऊन त्यांनी पेला परत दिला, आत जाऊन स्टुलावर बसले, मी हसले, आणि वर आले." त्या थांबल्या. "आज पोराची हाक ऐकली तेव्हा मात्र नियम मोडला. धावत गेले आत. आयुष्यात पहिल्यांदा."

तपासबाईनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"बाई," वहिनी एकदम म्हणाल्या, "पोरगा माझा नाही तसला. ज्यानं हे केलंय ना, त्याला शोधा. देवाशपथ सांगते, त्याला मी जन्मात माफ करणार नाही."

तपासबाई उठली. दारापाशी गेल्यावर तिला आठवलं की पिशवी खालीच राहिली. मी आणतो म्हटलं तर ऐकेना. गुडघा सांभाळत जिना उतरली आणि पुष्कळ वेळानं वर आली, हात रिकामेच.

"डॉक्टर," मला अंगणात बाजूला घेऊन ती म्हणाली, "दुपारी मी माझी पिशवी कशाला अडकवली होती?"

५

मी त्या तळघरात कित्येक वर्षं येत-जात होतो. जिन्याच्या दाराशेजारची भिंत साफ कोरी असायची, हे मी शपथेवर सांगू शकतो. आता तिथे छातीच्या उंचीवर लोखंडी आकडा होता. नवा कोरा. त्याच्या वरच्या चुन्याला काजळीचा अगदी पातळ हात लागला होता.

तपासबाईनं तो आकडा उपसला, रुमालात गुंडाळला आणि आम्ही पिंपवाल्याकडे गेलो. गावातली सगळी पिंपं तोच बांधतो. थोरल्यांनी या वर्षी त्याला चार खडे बोल सुनावले होते, एक पिंप गळलं म्हणून. त्यामुळे पोराच्या आणि पल्याडच्या खालोखाल गावाचा संशय त्याच्यावर होता.

"माझ्याकडे कशाला आलात?" तो रंधा चालवत म्हणाला. "ते बोलले ते खरंच होतं. पिंप गळतच होतं."

तपासबाईनं रुमाल उघडला.

"हे माझंच काम," तो लगेच म्हणाला. "पिंपाच्या पट्टीचं लोखंड आहे, वाकवून दिलंय. हंगाम लागला तेव्हा थोरल्यांकडच्या मालकीणबाई आल्या होत्या. म्हणाल्या, मजबूत हवा. म्हटलं, कढई टांगायची असेल. पैसे घेतले नाहीत मी. कुठे होता हा?"

"तळघरात, जिन्याच्या दाराशी. इतका उंच." तपासबाईनं छातीला हात लावला.

पिंपवाल्याचा रंधा थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आकड्याकडे. मग तो शेजारच्या अर्धवट पिंपावर टेकला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पुढचं मला विचारू नका," तो म्हणाला. "मी सांगणार नाही. त्या माउलीला ते ऐकवणार नाही."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासबाईनं आम्हाला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं केलं. मी, पल्याड आणि पिंपवाला. तिनं आदल्या संध्याकाळीच खालचं दार बंद करून घेतलं होतं. टाक्या आपल्या फसफसत होत्या. मालक गेल्याचं त्यांना काय!

आकडा तिनं परत बसवला होता. त्याला कंदील अडकवला. ज्योत सरळ, शांत जळत राहिली.

"वायू आहे का?" तिनं पल्याडला विचारलं.

"दिसतंय की. नाही."

तिनं कंदिलाला दोरी बांधली आणि हळूहळू खाली सोडला. कमरेच्या उंचीला ज्योत पिवळी पडली, आणि दगडाला टेकायच्या आत विझली.

पल्याडचं तोंड उघडं राहिलं. 

"उंदीर विषानं मेला नाही," तपासबाई म्हणाली. "तो जमिनीवर राहतो. थोरले बुटक्या स्टुलावर बसले, म्हणजे त्यांचं तोंड वायूच्या पातळीत गेलं. उभे असते तर कदाचित वाचले असते. मुलानं खालचं दार उघडलं तसा वायू पाण्यासारखा उताराकडे वाहून गेला. त्याचे पाय लटपटले ते त्यामुळे. डोकं गरगरलं ते त्यामुळे."

"पण कंदील जमिनीवर जळत होता! मी डोळ्यांनी बघितला," पल्याड म्हणाला.

"तुम्ही आलात तेव्हा वायू गेलेला होता. आणि कंदील तिथे नंतर आला. दगडावरच्या जुन्या खुणेवर रात्रभरात बसलेली धूळ मोडलेली नव्हती, म्हणजे त्या सकाळी कंदील दगडावर टेकलाच नाही. कंदील गळका आहे. तेलाचे ताजे थेंब आकड्याच्या खालून सुरू होऊन प्रेतापर्यंत गेलेत. कोणीतरी तो आकड्यावरून काढला आणि थोरल्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. मुलगा नदीच्या दारानं आला, तुम्हीही तिकडूनच. जिन्यानं एकच माणूस आलं."

"त्यांचा चेहरा बघायला," पिंपवाला जमिनीकडे बघत म्हणाला. "तोंड नीट बघायला उजेड नेला असेल हो. दुसरं काय!"

मला मात्र एक गोष्ट कळत नव्हती. "थोरल्यांना हे माहीत नव्हतं का? सगळ्या खोऱ्याला ते शिकवायचे. कंदील उंच टांगून आत शिरणारा माणूस नव्हता तो!"

"नव्हताच. जुन्या खुणेच्या कडेला याच हंगामातल्या खुणा आहेत, बोटाला अजून चिकट लागतात. म्हणजे आकडा बसल्यावरही ते कंदील काढून खाली ठेवत होते. आणि काजळी बघा, किती पातळ. आकड्यावर कंदील फारसा जळलेलाच नाही. फक्त त्या सकाळी त्यांनी तो काढला नाही." तिनं आवाज खाली आणला. "त्या सकाळी कोण उभं होतं इथे, हे तुम्ही काल माझ्याबरोबरच ऐकलंत."

पल्याड वर निघाला. "मी कचेरीत जातो. पोराला आणतो. त्याच्या पाया पडतो," असं काहीतरी पुटपुटत तो गेला.

"मुलगा सुटला," तपासबाई मला म्हणाली. "पण कारण मला लिहावं लागेल, आणि गावात काही लपत नाही. उद्या पाणवठ्यावर कानावर जाण्यापेक्षा आज घरच्या माणसानं सांगितलेलं बरं. मी परकी आहे, डॉक्टर."

७

कुठून सुरू करावं ते मला कळेना. मी नुसतं विचारलं, "वहिनी, त्या सकाळी कंदील कोणी अडकवला होता?"

"मीच," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "पाठीचं इतकं दुखणं, आणि रोज त्या कंदिलासाठी जमिनीपर्यंत वाकायचं! म्हणून पिंपवाल्याकडून आकडा करून घेतला. पायरीवरून हात पोचतो माझा, आत जावं लागत नाही. पण यांची सवय जाईना. रोज काम झालं की कंदील मला खालीच सापडायचा. मी परत वर अडकवायचे. वाटायचं, विसरतात. त्या दिवशी पाठ जास्तच धरलेली, म्हणून म्हटलं, आज उभंच राहते, बघू कसे वाकतात ते." त्या अर्धवट हसल्या. "बघितलं त्यांनी कंदिलाकडे. मग माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. गेले आत."

मी खाली बघितलं. तपासबाई खिडकीबाहेर बघत होती.

वहिनींचं हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळे बदलले.

"भावजी," त्या म्हणाल्या, "कंदील खाली का ठेवायचे ते?"

मी सांगितलं. डॉक्टरनं सांगावं तसं सांगायला गेलो आणि मध्येच रडलो. त्या रडल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "एवढंसं? लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं. म्हणाले, ते तळघरातलं आहे, बायकांना काय करायचंय. सासूला विचारलं, तिलाही ठाऊक नव्हतं. मग कधी विचारलंच नाही." त्यांनी पदर मुठीत धरला. "आणि आकडा केला तेव्हा तरी सांगायचं ना! चिडायचं होतं माझ्यावर. वाईट वाटलं असतं मला, तर वाटू द्यायचं होतं. माझ्यासमोर कंदील काढवला नाही त्यांच्याच्यानं! एवढी कसली माया ती!"

"वहिनी, तुमचा दोष नाही," मी म्हणालो.

"काल मी शपथ घेतली होती," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मुलगा आला. पल्याड त्याच्या मागे, दारातच थांबला. मुलानं आईला मिठी मारली आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. रस्त्यात पल्याडनं त्याला सगळं सांगितलं असणार, कारण तो एकसारखं म्हणत होता, "आई, तू काही केलं नाहीस."

"तुला माहीत होतं?" त्याच्या पाठीवरून हात फिरवत वहिनींनी विचारलं. "कंदील खाली का ठेवतात ते?"

"हो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. बाबांनी सांगितलं होतं."

"मला नाही सांगितलंस ते?"

त्यानं मान खाली घातली. काय सांगणार! आम्हा कोणालाच कधी सुचलं नव्हतं. माझी बायको देवाघरी गेली, तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

खालून टाक्यांचा फसफस आवाज येत होता. रस ढवळायची वेळ टळून गेली होती, आणि रस कोणासाठी थांबत नाही हे त्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. मुलगा डोळे पुसून उठला.

"थांब," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी कंदील पेटवला आणि जिना उतरल्या. आम्ही मागोमाग. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या नाहीत. दारातून आत पाऊल टाकलं, गुडघे टेकले आणि कंदील त्या काळ्या खुणेवर, जमिनीवर ठेवला. तो लगेच विझला. त्यांनी आम्हाला हातानं मागे सारलं, श्वास रोखून पटकन उठल्या, पायरीवर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बाहेरून जा. खालचं दार उघड आणि बाहेरच उभा राहा. मी सांगेपर्यंत आत यायचं नाही."

दार उघडल्याचा आवाज आला. नदीकडून वारा आत शिरला. वहिनींनी कंदील पुन्हा पेटवून ठेवला, या खेपेला तो जळत राहिला. तरी त्या शेवटच्या पायरीवर बसून ज्योतीकडे बघतच होत्या. मुलानं दोनदा विचारलं, "आई, येऊ का?"

पुष्कळ वेळानं त्या म्हणाल्या, "आता ये."